थकव्याचा पुरावा : बोटापासून प्रश्नावलीपर्यंत

१/
हाड मोडले तर क्ष-किरणाच्या चित्रात दिसते. ताप चढला तर तापमापकावर दिसतो. पण महिनोन्महिने ताण सोसून एखादा माणूस पार गळून गेला, साधे पत्र वाचूनही त्याला अर्थ लागेनासा झाला, तर ते दाखवायचे कशात? आणि दाखवता आले नाही, तर आजारपणाची पगारी रजा मिळायची कशी?

२/
हा प्रश्न आजच्या कार्यालयांतला वाटतो. पण त्याचे वय किमान १४० वर्षे आहे. थकव्याचे माप शोधण्याची धडपड वैद्यकाच्या कुतूहलातून जितकी झाली, तितकीच ती विमा, वेतन आणि उत्पादन यांच्या हिशेबातूनही झाली. या प्रवासात तीन साक्षीदार बोलावले गेले : आधी स्नायू, मग कारखान्याची नोंदवही आणि सर्वांत शेवटी खुद्द थकलेला माणूस. आजचा थ्रेड या तीन साक्षींविषयी.

३/
सुरुवात जर्मनीपासून करू. १५ जून १८८३ रोजी बिस्मार्कच्या काळात कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. वर्गणीचा दोन-तृतीयांश वाटा कामगाराचा, एक-तृतीयांश मालकाचा. आजारी पडलेल्या कामगाराला पहिले तीन दिवस काही मिळत नसे. त्यानंतर वेतनाच्या सुमारे निम्मी रक्कम, तीही जास्तीत जास्त १३ आठवडे.

४/
या कायद्याने एक गोष्ट कायमची बदलली. तोवर कामगाराचा खाडा हा त्याचा आणि मालकाचा मामला होता. आता प्रत्येक खाड्यामागे एका सामाईक निधीतून पैसे जाऊ लागले. साहजिकच, आजार खरा की खोटा हे ठरवणारा कोणीतरी लागला आणि ते काम डॉक्टरच्या दाखल्याकडे आले. डॉक्टरला पूर्वी एकच प्रश्न पडे : याला काय झाले आहे? आता दुसराही पडू लागला : हा काम करू शकतो का? हे दोन प्रश्न एक नाहीत. पुढचा सगळा इतिहास या दोहोंमधल्या फटीत घडतो.

५/
थकव्याला रोगाचे नाव त्याआधीच मिळाले होते. १८६९ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी ‘न्यूरास्थेनिया’ ही संज्ञा प्रचारात आणली. मज्जासंस्थेची शक्ती आटते, जणू साठवलेली ऊर्जा संपते, अशी त्यांची कल्पना. तार, रेल्वे, वर्तमानपत्रे यांनी आयुष्याला आणलेला वेग हे त्यामागचे कारण ते सांगत.

६/
पण बिअर्ड यांच्या मते हा आजार मुख्यतः बुद्धीने काम करणाऱ्या वर्गाचा होता. व्यापारी थकला तर त्याचे नाव न्यूरास्थेनिया. हमाल थकला तर त्याला नाव नाही. शिवाय या आजाराला माप नव्हते. रुग्णाची हकीकत ऐकायची आणि डॉक्टरने ठरवायचे. ज्याची हकीकत ऐकायला डॉक्टरकडे वेळ आहे, त्यालाच हा आजार होणार, असा त्याचा अर्थ.

७/
आता पहिला साक्षीदार : स्नायू. इटलीतील तुरीन येथील शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी १८८० च्या दशकात ‘एर्गोग्राफ’ नावाचे यंत्र बनवले. हात पट्ट्यांनी बांधून स्थिर करायचा, बाजूची बोटे अडकवून ठेवायची आणि फक्त मधले बोट मोकळे. त्या बोटाला दोरी, दोरीला दोन-तीन किलोंचे वजन. ठरावीक तालावर बोट वाकवून वजन उचलत राहायचे, बोट हलेनासे होईपर्यंत. प्रत्येक उचल काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रेघ होऊन उमटे.

८/
रेघा हळूहळू आखूड होत जात आणि त्यांच्या टोकांवरून एक वक्ररेषा तयार होई. मोस्सो यांना दिसले की, प्रत्येक माणसाची वक्ररेषा निराळी असते आणि तीच रेषा त्याच माणसाकडून पुन्हा पुन्हा उमटते. प्रथमच थकवा कागदावर आला होता. १८९१ मध्ये त्यांनी ‘ला फातिका’ म्हणजे ‘थकवा’ याच नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

९/
त्यातला सर्वांत बोलका प्रयोग बोटाचा असूनही बोटाविषयी नव्हता. मोस्सो यांचे सहकारी मॅजोरा यांनी विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेतल्या. शारीरिक श्रम शून्य. तरीही परीक्षांनंतर एर्गोग्राफवर त्यांचे बोट नेहमीपेक्षा फार लवकर थकले. डोके शिणले की हातही शिणतो, हे यंत्राने नोंदवले. ताणाने येणारी ग्लानी ‘मनाचे खेळ’ नाही, याचा हा मोजून दाखवलेला एक आरंभीचा पुरावा.

१०/
पण या साक्षीदारात एक खोट होती. बोट थांबते तेव्हा स्नायू थकलेला असतो की इच्छा? इच्छेने बोट हलेनासे झाल्यावरही विजेच्या झटक्याने ते हलू शकते, हे मोस्सो यांनीच पाहिले होते. म्हणजे यंत्र जे मोजत होते त्यात माणसाची इच्छाही मिसळलेली होती. आणि विमा निधीला नेमकी शंका होती ती इच्छेविषयीच.

११/
इथे एका थकलेल्या माणसाची गोष्ट सांगायला हवी. समाजशास्त्राच्या अभ्यासकांना माक्स वेबर हे नाव परिचित आहे. १८९७ मध्ये वडिलांशी कडाक्याचे भांडण झाले. काही आठवड्यांतच वडील वारले. त्यानंतर हायडेलबर्ग विद्यापीठातील हा तरुण प्राध्यापक हळूहळू कोसळला. झोप जाई, वाचन जमेना, व्याख्यान देणे अशक्य झाले. रजा, आरोग्यधामे, प्रवास, पुन्हा रजा. अखेरीस १९०३ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्यांनी नियमित प्राध्यापकपद सोडले.

१२/
त्याच १९०३ साली जर्मन कायद्याने कामगारांच्या आजारपणाच्या लाभाची मुदत १३ वरून २६ आठवड्यांवर नेली. वेबर यांना सावरायला अनेक वर्षे लागली. मागे कौटुंबिक संपत्ती होती म्हणून ती वर्षे मिळाली. एखाद्या विणकराला तसाच आजार झाला असता, तर सत्ताविसाव्या आठवड्यात काय झाले असते, याचा विचार करून पाहा.

१३/
योगायोग असा की, १९०८ मध्ये हेच वेबर एका कापड कारखान्यात कामगारांच्या थकव्याचा अभ्यास करायला बसले. ओर्लिंगहाउझेन या गावी त्यांच्या नातेवाइकांची लिननची गिरणी होती. तिथल्या विणकरांच्या दैनंदिन उत्पादनाच्या आणि मजुरीच्या नोंदी त्यांनी आकडा-आकडा करून तपासल्या. हा दुसरा साक्षीदार : कारखान्याची नोंदवही.

१४/
त्या काळी मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन प्रयोगशाळेत माणसांना तासन्‌तास एकअंकी बेरजा करायला लावून ‘कामाची वक्ररेषा’ काढत होते. ती वक्ररेषा खऱ्या मागावर सापडते का, हे वेबर यांना पाहायचे होते. त्यांना दिसले की, मागावरचे उत्पादन थकव्याने बदलते, तसेच ते आठवड्याच्या वाराने, हवेतल्या ओलाव्याने, सुताच्या प्रतीने आणि मजुरीच्या दरानेही बदलते. कधी कामगार ठरवूनही हात आखडता घेतात. कारण जास्त काम दाखवले तर मालक दर उतरवतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. आकडा खरा होता. पण तो एकट्या थकव्याचा नव्हता.

१५/
पहिल्या महायुद्धात हाच प्रश्न ब्रिटनपुढे आला. दारूगोळ्याच्या कारखान्यांत स्त्री-पुरुष आठवड्याचे सातही दिवस राबत होते. १९१५ मध्ये सरकारने दारूगोळा कामगारांच्या आरोग्यासाठी समिती नेमली. समितीसाठी काम करणाऱ्या एच. एम. व्हर्नन यांनी तास आणि उत्पादन यांचा मेळ घातला. निष्कर्ष त्या काळी धक्कादायक होता : कामाचे तास बरेच कमी केले, तरी एकूण उत्पादन घटत नाही, काही कामांत ते वाढते.

१६/
युद्ध संपताना, १९१८ मध्ये, याच कामातून ‘औद्योगिक थकवा संशोधन मंडळ’ उभे राहिले. आता थकव्याची एक पक्की कसोटी हाती येईल, अशी अपेक्षा होती. आणि १९२१ मध्ये याच क्षेत्रातल्या बर्नार्ड मुशिओ यांनी एक शोधनिबंध लिहिला. शीर्षकच प्रश्नार्थक होते : थकव्याची कसोटी शक्य आहे का?

१७/
त्यांचे उत्तर नकारार्थी होते. त्यांचा युक्तिवाद साधा आणि आजही टोचणारा आहे. कसोटी खरी ठरवायची तर ती कशाशी तरी ताडून पाहावी लागेल. म्हणजे थकवा किती आहे हे आधी दुसऱ्या मार्गाने ठाऊक हवे. तो मार्ग असता, तर कसोटी कशाला लागली असती? काटेकोर वैज्ञानिक चर्चेतून ‘थकवा’ हा शब्दच वगळावा आणि कसोटीचा शोध सोडून द्यावा, अशी त्यांची शिफारस होती.

१८/
शोध थांबला नाही, साक्षीदार बदलला. तिसरा साक्षीदार : माणूस स्वतः. १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मोफत दवाखान्यांत काम करणाऱ्या स्वयंसेवकांची अवस्था पाहून हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी ‘बर्नआउट’वर लेख लिहिला. १९८१ मध्ये क्रिस्तिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी २२ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. भावनिक दमणूक, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना, असे तीन पैलू त्यात मोजले जात.

१९/
ज्याला यंत्रे आणि नोंदवह्या संशयाने पाहत होत्या, त्याचाच शब्द आता आकडा बनला. पण ही प्रश्नावली संशोधनासाठी होती. कोण आजारी आणि कोण नाही हे ठरवण्यासाठी, म्हणजे रजेच्या दाखल्यासाठी, ती बनलेली नव्हती. ती गाठ घालण्याची वेळ पुढे स्वीडनवर आली.

२०/
स्वीडनमध्ये १९५५ पासून सर्वांसाठी आजारपणाचा सक्तीचा विमा होता. १८८३ च्या जर्मन कायद्यातला बिनपगारी प्रतीक्षाकाळ इथेही एका दिवसापुरता होता. १९८७ मध्ये तो रद्द झाला, १९९३ मध्ये परत आला. मधल्या काळात मोठे आर्थिक संकट येऊन गेले होते. सरकारी आणि नगरपालिकांच्या सेवांत कपात झाली. रुग्णालये, शाळा, वृद्धसेवा यांत उरलेल्यांवर कामाचा भार वाढला.

२१/
१९९७ नंतर दीर्घ मुदतीच्या आजारी रजा झपाट्याने वाढू लागल्या. त्यांत मानसिक कारणांचा वाटा वाढता होता आणि स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त. वृत्तपत्रांत ‘जळून गेलेली’ माणसे हा रोजचा विषय झाला. दुसरीकडे, लोक रजेचा गैरफायदा घेतात, असाही सूर चढला. २००२ मध्ये सरकारने २००८ पर्यंत आजारी रजा निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले.

२२/
या वादाच्या मध्यावर, २००३ मध्ये, स्वीडनच्या राष्ट्रीय आरोग्य व कल्याण मंडळाने या अवस्थेचे निकष प्रसिद्ध केले. मानसोपचारतज्ज्ञ मारी ओस्बेरी यांचा त्यात मोठा वाटा होता. निकष थोडक्यात असे : ओळखता येईल असा ताण किमान सहा महिने, दमणुकीची लक्षणे किमान दोन आठवडे, मानसिक ऊर्जेचा ठळक अभाव, आणि स्मरण-एकाग्रता, झोप, चिडचिड, शारीरिक अशक्तपणा, मागण्या पेलण्याची क्षमता इत्यादींपैकी किमान चार तक्रारी. मराठीत या निदानाला आपण ‘दमणूक-विकार’ म्हणू. पुढे तो स्वीडनच्या अधिकृत रोगसूचीतही आला.

२३/
निकषांपाठोपाठ मोजपट्टी आली. २०१४ मध्ये स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेशी निगडित संशोधकांनी, ओस्बेरी त्यांतही होत्या, नऊ प्रश्नांची मापिका प्रसिद्ध केली. एकाग्रता, स्मरण, शारीरिक दम, मानसिक दम, विश्रांतीनंतर सावरणे, झोप, आवाज-उजेडाचा त्रास, मागण्यांचे ओझे, चिडचिड. प्रत्येकाला ० ते ६ गुण, एकूण ५४. १९ गुणांच्या रेषेवर निरोगी माणसे आणि दमणूक-विकाराचे रुग्ण ९५ टक्क्यांहून अधिक अचूकतेने वेगळे ओळखता आले.

२४/
मुशिओ यांच्या प्रश्नाला हे उत्तर आहे का? अर्धे आहे. मापिका ताडून पाहण्यासाठी डॉक्टरांचे निदान वापरले आणि निदान मुख्यतः रुग्णाच्या हकिकतीवरच उभे होते. शिवाय झोप जाणे, विसर पडणे, चिडचिड होणे ही लक्षणे नैराश्यातही आढळतात. त्यामुळे १९ गुण म्हणजे ‘इकडे नीट लक्ष द्या’ असा इशारा. ते स्वतः निदान नव्हे. आणि ते रजेचे उत्तर तर मुळीच नव्हे.

२५/
का नव्हे, हे स्वीडनच्याच दुसऱ्या एका नियमातून कळते. जुलै २००८ पासून तिथे आजारी रजेचे टप्पे ठरवले गेले. पहिले ९० दिवस प्रश्न असा : ही व्यक्ती आपले नेहमीचे काम करू शकते का? त्यानंतर १८० दिवसांपर्यंत : त्याच मालकाकडे दुसरे कोणते काम करू शकते का? आणि १८० दिवसांनंतर, सर्वसाधारणपणे : श्रमबाजारातले कोणतेही नेहमीचे काम करू शकते का?

२६/
समजा, एखाद्या परिचारिकेचे गुण ८९ व्या दिवशी ३० आहेत आणि १८१ व्या दिवशीही ३०च आहेत. तिच्या शरीरात काही बदललेले नाही. पण विमा कार्यालयाने विचारलेला प्रश्न बदलला आहे आणि त्याबरोबर उत्तरही बदलू शकते. उलट बाजूही तितकीच खरी : तेवढेच गुण असलेली दुसरी स्त्री कामावर जात असेल, कारण तिचे तास कमी करता आले, साहेब समजूतदार निघाला, किंवा रजा घेणे तिला परवडतच नाही.

२७/
म्हणून दमणुकीचे गुण आणि रजेचे दिवस यांचे नाते सरळ रेषेचे नाही. गुण सांगतात की माणूस किती खचला आहे. रजा सांगते की खचलेला माणूस, त्याचे काम, त्याचा पगार आणि त्याच्या देशाचा कायदा यांची गाठ कुठे पडली. वेबर यांनी गिरणीच्या नोंदवहीत जे पाहिले, तेच इथे पुन्हा दिसते : आकडा खरा असतो, पण तो एकट्या थकव्याचा नसतो.

२८/
२०१९ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती स्वीकारली. तीत ‘बर्नआउट’ला जागा आहे, पण रोग म्हणून नव्हे, कामाशी निगडित घटना म्हणून. म्हणजे अवस्था मान्य, आजार अमान्य. ज्या देशांत रजा आणि विमा रोगाच्या नावाला बांधलेले असतात, तिथे या एका शब्दाच्या फरकावर घरखर्च अवलंबून असतो.

२९/
आपल्याकडे काय? १९४४ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याविषयी भारत सरकारला अहवाल दिला. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात श्रम खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत ‘कामगार विम्याचं कार्ड’ म्हणून ती ओळखीची आहे.

३०/
तिच्या रचनेत १८८३ चा वारसा स्पष्ट दिसतो. वैद्यकीय दाखला हवा. नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा बिनलाभाचे. त्यानंतर वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के. आजी-आजोबांच्या पेटीत ते जुने कार्ड सापडले, तर एवढे लक्षात घ्या की बर्लिन, तुरीन आणि स्टॉकहोम इथे विचारला गेलेला प्रश्न त्या कार्डामागेही उभा होता : तुझ्या थकव्यावर आम्ही विश्वास का ठेवावा?

३१/
मग मोजमाप व्यर्थ ठरते का? नाही. माप नव्हते तेव्हा व्यापाऱ्याला न्यूरास्थेनिया होई आणि हमालाला काहीच होत नसे. मोस्सो यांच्या वक्ररेषेने, व्हर्नन यांच्या तक्त्यांनी आणि त्या नऊ प्रश्नांनी थकव्याला आळसापासून वेगळे काढले, हे मोठे काम आहे. ज्याच्या शब्दाला वजन नाही, त्याला आकड्याचा आधार होतो.

३२/
पण रजा द्यायची की नाही, किती दिवस द्यायची आणि परतल्यावर त्याच माणसाला त्याच भाराखाली पुन्हा उभे करायचे का, याचे उत्तर कोणतीही मापिका देत नाही. तो निर्णय समाजाचा असतो. आकड्याच्या आड बसून तो घेतला, तरी तो आपलाच निर्णय राहतो, हे या १४० वर्षांच्या इतिहासातून मला समजलेले सार.

३३/
थ्रेड इथे संपवतो. तुमच्या घरी गिरणी, रेल्वे किंवा गोदीतल्या कोणाचे जुने कामगार विम्याचे कार्ड, रजेचा अर्ज अथवा वैद्यकीय दाखला जपून ठेवलेला असेल, तर तो टाकून देऊ नका. ‘अशक्तपणा’ एवढ्या एका शब्दावर किती दिवसांची रजा मिळाली होती, हेही इतिहासाचे साधनच आहे.